पिना कोलाडा फाटतो, थर धरतो, पाणचट होतो: नेमकं बिघडलंय काय, ते आधी ओळखा

पिना कोलाडा म्हणजे रम, अननस आणि नारळाचं क्रीम यांचं कॉकटेल. मिक्सरमधून ओतताना ते दाट, मऊ, पांढरंशुभ्र दिसतं. दहा मिनिटांनी बघावं तर वर फेस, मध्ये पांढरे कण आणि तळाशी पिवळसर पाणी. ही तक्रार पुन्हा पुन्हा येते आणि तिच्यावरचा सल्लाही ठरलेला असतो: थोडं अजून क्रीम घाला आणि परत फिरवा. कधी तेवढ्याने भागतं, कधी होतं त्याहून वाईट होतं. वरवर सारखे दिसणारे हे बिघाड मुळात वेगवेगळे असतात, म्हणून असं होतं. दूध नासलं असेल तर फिरवून काही उपयोग नाही. नारळाची चरबी थिजली असेल तर तोच ग्लास वाचवता येतो.

तेव्हा काहीही घालायच्या आधी एक छोटी परीक्षा करा. चमच्याने एक-दोन पांढरे कण उचला, अंगठा आणि तर्जनीत धरून पाच-दहा सेकंद हलके चोळा. कण वितळला आणि बोटं तेलकट झाली, तर तो नारळाचा स्निग्ध भाग आहे. वितळला नाही, मऊ रबरासारखा दबला किंवा चुरा झाला, तर ते दुधातलं प्रथिन आहे. बोटांत बारीक तंतू लागले तर तो अननसाचा चोथा, त्यात बिघाड असा काहीच नाही. आणि हातात कणच येत नसेल, नुसते दोन थर दिसत असतील, तर प्रश्न बर्फाचा आणि प्रमाणाचा आहे. ही परीक्षा करताना एक घोटही घ्या. कडवट लागला तर कारण आणखी वेगळं आहे, तेही पुढे येतंय.

कण वितळत नाही: दूध किंवा साय नासली आहे

दुधातलं मुख्य प्रथिन म्हणजे केसीन. दुधाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ६.६ ते ६.७ असतो, तोवर केसीनचे कण एकमेकांपासून अंतर राखून तरंगतात. पीएच ४.६ च्या आसपास उतरला की ते एकमेकांना चिकटतात आणि गुठळ्या होतात. अननसाच्या रसाचा पीएच साधारण ३.३ ते ४, लिंबाचा त्याहूनही कमी. त्यात रममधलं अल्कोहोल या प्रथिनांभोवतीचं पाणी ओढून घेतं, म्हणजे आंबटपणाचं काम अधिकच सोपं होतं. दूध, अननस आणि रम एकत्र आल्यावर नासलं याचं नवल नाही. कधीकधी नासत नाही, ते गारठ्यामुळे आणि लोक ग्लास पटकन संपवतात म्हणून.

इथे दूध आणि साय यांत मोठा फरक आहे. ३५ टक्के किंवा त्याहून जास्त स्निग्धांश असलेल्या क्रीममध्ये प्रथिन दुधापेक्षा कमी असतं आणि स्निग्ध थेंबांची गर्दी असते, त्यामुळे गुठळ्या झाल्याच तरी त्या फार बारीक राहतात आणि जिभेला जाणवत नाहीत. कमी फॅटचं दूध या पेयात सगळ्यात आधी दगा देतं. 'हलकं करू या' म्हणून साईऐवजी टोन्ड दूध घालणाऱ्यांच्या ग्लासात गुठळ्या हमखास सापडतात त्या यामुळे.

साय घालायचीच असेल तर ती शेवटी घाला. आधी रम, रस, नारळाचं क्रीम आणि बर्फ पूर्ण फिरवून घ्या. मग फ्रीजमधून काढलेली थंडगार साय ओता आणि मिक्सर फक्त तीन-चार सेकंद चालवा. साय आणि नुसता रस भांड्यात एकत्र ठेवून वर बर्फ शोधायला जाऊ नका. त्या दोन-तीन मिनिटांतच काम बिघडतं. साईऐवजी व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा घातला तर धोका आणखी कमी होतो, कारण त्यात साखर आणि स्निग्धांश भरपूर असतो, आणि बहुतेक आइस्क्रीममध्ये घट्टपणा टिकवणारे गमही असतात. चव मात्र मिल्कशेककडे झुकते. मला ते आवडत नाही, पण फाटण्यापुरता हा उपाय खरा आहे.

यातलं एक कोडं पुष्कळांना छळतं: "आम्ही दूध घातलंच नाही, तरी नासलं." अशा वेळी नारळाच्या दुधाची पावडर वापरली होती का, ते बघा. पाकिटाच्या मागे घटकांची यादी वाचली तर बऱ्याच पावडरींत सोडियम केसीनेट सापडतं. ते दुधाचंच प्रथिन आहे आणि आंबटात गेल्यावर ते दुधासारखंच वागतं. ज्यांना दुधाची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी तर ही यादी वाचणं फार महत्त्वाचं. तीच गत रम क्रीमच्या बाटल्यांची. त्या लिकरमध्ये साय असते आणि बाटलीत ती शांत बसलेली असते, पण अननस आणि लिंबू भेटले की फाटते.

लिंबाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दुधाचा कोणताही पदार्थ घातला असेल तर लिंबू नको. फक्त नारळ असेल तर दहा मिलिलिटर लिंबूरस गोडीला छान धार आणतो, आणि ग्लास लगेच प्यायचा असेल तर काही बिघडत नाही.

आधी छान, मग कडू: हे ताज्या अननसाचं काम

ओतल्याबरोबर चव उत्तम, वीस मिनिटांनी कडवट, आणि कणही वाढत चाललेले. अशा वेळी लोक रमला दोष देतात. रमचा काही संबंध नसतो. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं आणि ते प्रथिनांचे तुकडे पाडतं. दुधातल्या प्रथिनाचे असे तुकडे झाले की त्यातले काही चवीला कडू लागतात. फळाच्या मधल्या कडक दांड्यात ब्रोमेलेन गरापेक्षा जास्त असतं, म्हणून दांडा टाकून न देता मिक्सरमध्ये घालणाऱ्यांना ही कडू चव लवकर भेटते. ताजा अननस घातलेली जिलेटिनची जेली सेट होत नाही, ती याच एन्झाइममुळे.

गोठवून ब्रोमेलेन मरत नाही, फक्त मंदावतं. फ्रीजरमधल्या ताज्या फोडी पुन्हा वितळल्या की ते कामाला लागतं. उष्णतेने मात्र ते निकामी होतं. डबाबंद किंवा पाश्चराइज केलेल्या रसाने हा कडवटपणा येत नाही, कारण तो रस आधीच तापवलेला असतो. घरी ताज्या रसावर हेच करायचं तर तो पातेल्यात घेऊन ८० अंशांच्या आसपास, म्हणजे कडेला बारीक बुडबुडे येऊन वाफ निघू लागेपर्यंत तापवा, दोन-तीन मिनिटं तसाच ठेवा आणि मग फ्रीजमध्ये पूर्ण गार करा. कोमट रस वापरलात तर बर्फ सगळा वितळेल आणि दुसरीच कटकट मागे लागेल. तापवल्याने रसाचा ताजा वास थोडा उतरतो. म्हणून साय घालणार असाल तरच तापवा. नुसत्या नारळाच्या ग्लासासाठी ताजा कच्चा रसच घ्या, त्याच्यासारखी चव डब्यात मिळत नाही.

पण नारळ म्हणजे निर्धास्त, असंही समजू नका. नारळाच्या दुधातले तेलाचे थेंब पाण्यात विखुरलेले राहतात ते नारळातल्याच प्रथिनांच्या आधाराने. ब्रोमेलेन ती प्रथिनंही तोडतं. नारळाच्या दुधातून तेल वेगळं काढण्यासाठी अशी प्रथिनं तोडणारी एन्झाइम मुद्दाम वापरतात, यावरून अंदाज घ्या. एका ग्लासाला एवढा वेळ मिळत नाही. पण ताजा रस आणि नारळाचं क्रीम एकत्र करून जग रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला, तर सकाळी वर पांढरं कवच आणि खाली पाणी दिसणारच.

पपई, किवी आणि अंजीर यांतही अशीच एन्झाइम आहेत. कच्च्या पपईत ते खूप, पिकलेल्या पपईत बरंच कमी. किवी मात्र पिकलेली असली तरी साईला सोडत नाही.

बोटात वितळणारे कण: नारळ थिजला आहे

माझ्या मते सगळ्यात जास्त ग्लास या एका कारणाने बिघडतात, आणि सगळ्यात कमी लोक याकडे बघतात. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. पिना कोलाडा शून्याच्या आसपासचा असतो. म्हणजे नारळाचा स्निग्ध भाग या पेयात द्रवरूप राहूच शकत नाही, तो घट्ट होणारच. तो अतिशय बारीक थेंबांच्या रूपात घट्ट झाला तर जिभेला मखमली लागतो, मोठ्या ढेकळांच्या रूपात झाला तर मेणासारखा टाळूला चिकटतो. सगळा खेळ बर्फ पडण्याआधी ते थेंब किती बारीक झाले आहेत, याचा आहे.

आता लोक काय करतात ते बघा. नारळाच्या क्रीमचा डबा फ्रीजमध्ये ठेवतात, कारण सगळं थंड हवं. उघडल्यावर वर पांढरा घट्ट थर, खाली राखाडी पाणी. वरचा गोळा चमच्याने काढून थेट बर्फावर टाकतात. थिजलेला गोळा बर्फाबरोबर कितीही फिरवला तरी त्याचे तुकडेच होतात, थेंब होत नाहीत. तेच तुकडे ग्लासात तरंगताना दिसतात.

डबा फ्रीजमध्ये ठेवू नका. वापरायच्या आधी न उघडलेला डबा गरम पाण्याच्या भांड्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवा, नीट हलवा, मग उघडा. आतलं क्रीम एकजीव, सहज ओतता येईल असं असायला हवं. मिक्सरमध्ये आधी हे क्रीम आणि रम घाला आणि बर्फाशिवाय दहा सेकंद फिरवा. मग रस, पुन्हा थोडं फिरवा. बर्फ सगळ्यात शेवटी. थोडा वेळ जास्त लागतो, पण ग्लास शेवटपर्यंत गुळगुळीत राहतो.

डब्याच्या प्रकाराने सुद्धा खूप फरक पडतो. साखर घातलेलं नारळाचं क्रीम आणि बिनसाखरेचं नारळाचं क्रीम ही दोन वेगळी उत्पादनं आहेत, आणि डब्यांवरची नावं मात्र सख्ख्या भावंडांसारखी. घटकांत साखर पहिल्या दोन-तीन क्रमांकांत असेल तर तो गोड प्रकार. या पेयाचा जन्मच गोड प्रकारावर झाला. प्वेर्तो रिकोतल्या सान हुआन शहरात कारीबे हिल्टन हॉटेलचा बारमन रामोन 'मोंचितो' मारेरो याने १९५४ साली पिना कोलाडा बनवल्याचं सांगितलं जातं, आणि ते शक्य झालं ते रामोन लोपेस इरिसारी याने तयार केलेल्या कोको लोपेस या गोड क्रीममुळे. त्याच शहरातलं बाराचिना रेस्टॉरंट हे श्रेय १९६३ साल सांगून स्वतःकडे घेतं. तो वाद कोणी मिटवलेला नाही, पण १९७८ पासून पिना कोलाडा हे प्वेर्तो रिकोचं अधिकृत पेय आहे. गोड क्रीममधली भरपूर साखर द्रव दाट करते, त्यामुळे तेलाचे थेंब एकत्र यायला वेळ लागतो. शिवाय डब्यातल्या क्रीममध्ये बहुधा ग्वार गमसारखे पदार्थही असतात. नावं बघून दचकू नका, ग्लास एकसंध ठेवायचं काम तेच करतात.

बिनसाखरेचाच डबा मिळाला तर क्रीमच्या वजनाच्या पाऊणपट साखर आणि चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत ढवळा. उकळी येऊ देऊ नका. जोरात तापलं की नारळाची प्रथिनं गोठतात आणि तेल सुटतं. हे मिश्रण खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मग वापरा.

कण नाहीत, पण पाणी सुटतं

हा बिघाड सर्वांत सोपा. बर्फ वितळतो, ते पाणी तळाशी जातं, फेस आणि फळाचा गर वर राहतो. अननसाच्या रसाला फेस खूप येतो, त्यामुळे थर अधिक ठळक दिसतात.

उपाय म्हणजे बर्फाचं पाणी कमी करणं. बहुतेक रसाऐवजी गोठवलेल्या अननसाच्या फोडी वापरा. एका ग्लासाला ६० मिलिलिटर रम, ४५ मिलिलिटर गोड नारळ क्रीम, ३० मिलिलिटर रस, गोठवलेल्या फोडी शंभर ते सव्वाशे ग्रॅम आणि बर्फ फक्त मूठभर. ग्लास आधी फ्रीजरमध्ये ठेवा. मिक्सर वीस-पंचवीस सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका, कारण पात्यांच्या घर्षणाने पेय तापतं आणि मिळवलेला गारवा जातो.

इतकं करूनही दाट होत नसेल तर रम जास्त पडते आहे. घरच्या फ्रीजरचं तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं आणि ४० टक्के अल्कोहोलची रम त्या तापमानाला गोठत नाही. तिचं प्रमाण वाढलं की संपूर्ण मिश्रण पातळ राहतं, मग बर्फ कितीही घाला. ६० मिलिलिटर रम तीनशे मिलिलिटरच्या ग्लासात गेली तर पेय सुमारे आठ टक्क्यांचं होतं. इतक्यावर थांबा. नारळ आणि साखरेच्या आड रमची धार जाणवत नाही, त्यामुळे हात सैल सुटतो आणि पिणाऱ्याला ते उशिरा कळतं.

एवढी झंझट नको असेल तर मिक्सर बाजूला ठेवा. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या यादीत पांढरी रम ५०, नारळ क्रीम ३० आणि ताजा अननसाचा रस ५० मिलिलिटर, एवढंच आहे. त्यात साय नाही. कारीबे हिल्टनच्या नावाने चालणाऱ्या कृतीत मात्र साय असते. हे तीन घटक शेकरमध्ये बर्फाबरोबर जोरात हलवून गाळून घेतले तर फाटायची भीती जवळजवळ उरत नाही. फक्त नारळाचं क्रीम कोमट, एकजीव असायला हवं.

काही जण झॅन्थन गम, म्हणजे दाटपणा आणणारी पावडर, घालतात. ते चालतं, पण एका ग्लासाला चमच्याच्या टोकावर मावेल एवढंच. जरा जास्त झालं की पेयाला तार सुटते. गम आधी साखरेत मिसळून घ्या, नाहीतर त्याच्याच गुठळ्या होतील.

दुसरी फळं घालायची असतील तर

पिकलेलं केळं, अर्धंच, हा दाटपणाचा उत्तम आधार आहे. त्याने थरही उशिरा पडतात. फक्त ते काळवंडतं, म्हणून करून ठेवू नका. आंबा या पेयाला अगदी मानवतो: गर दाट, आंबटपणा कमी आणि ब्रोमेलेनचा त्रास नाही. पॅशन फ्रूट चवीला सुंदर पण फार आंबट, ते साईबरोबर नको. पेरूचा गर आधी गाळून घ्या. गडद रम वरून ओतायची हौस असेल तर चमच्याच्या पाठीवरून हळू सोडा. साय घातलेल्या ग्लासावर कडक रमची धार जिथे पडते तिथेच फाटल्यासारखे ठिपके उठतात.

बिघडलेला ग्लास वाचतो का?

नारळ थिजला असेल तर वाचतो. बर्फ गाळून काढा, उरलेलं मिश्रण गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करा, बर्फाशिवाय फिरवा, गार होऊ द्या आणि नव्या बर्फाबरोबर पुन्हा फिरवा. पाणी सुटलं असेल तर थोड्या गोठवलेल्या फोडी घालून एकदा फिरवलं की झालं. दूध नासलं असेल तर ते परत जुळत नाही. ताज्या सामानातून आत्ताच नासलेलं असेल तर पिण्याला धोका नाही, फक्त रवाळ लागतं. कडू झालेलं मात्र टाकून द्या. साखर वाढवून तो कडवटपणा झाकला जात नाही.

जास्त माणसांसाठी करायचं असेल तर आदल्या दिवशी पूर्ण पेय बनवून ठेवू नका. डबाबंद रस आणि गोड नारळ क्रीम दोनास एक या प्रमाणात फिरवून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. ऐन वेळी एका ग्लासाला असे पाच तुकडे, ६० मिलिलिटर रम आणि दोन-तीन साधे बर्फाचे खडे घेऊन फिरवा. गोठताना थोडे थर पडले तरी मिक्सरमध्ये ते पुन्हा एकजीव होतात. तुकडे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, कारण नारळाचा स्निग्ध भाग फ्रीजरमधले वास फार पटकन ओढून घेतो.